हर्रासातली ओढणी

यवतमाळहून दारव्ह्याकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या बाभळींना पुन्हा कापूस लागलाय. बाभळीला कापूस येत नाही एवढं मलाही कळतं. तीस वर्षं कचेरीत खुर्ची उबवली तरी शेती अगदीच विसरले नाही. पण वेचणी सुरू झाली की वरपर्यंत फुगलेल्या गाड्या या रस्त्याने निघतात आणि जाता जाता दोन्ही बाजूंच्या काट्यांना थोडा थोडा कापूस देऊन जातात. पलीकडे तुरी पिवळ्या होतात. सकाळच्या एसटीत बाया कानावरून पदर घेऊन बसतात आणि खिडकीची काच कुणी उघडली तर सगळ्या मिळून त्याच्याकडे पाहतात. हे दिवस मला फार आवडायचे. परवा बोरी अरबला जाताना खिडकीतून तो काट्यांवरचा कापूस दिसला आणि मी मान आतल्या बाजूला वळवली.

त्याच वेळी फोन वाजला. आमच्या लिलावाच्या ॲपचा निरोप होता. गेल्या वर्षीच्या भरघोस यशाबद्दल अभिनंदन, आणि यंदाच्या वस्तूंची यादी लवकर भरा. खाली एक हसरा चेहरा. त्या चेहऱ्याचा मला इतका राग आला की मी फोन पिशवीत तळाशी, वांग्यांच्या खाली घातला. यादी मलाच भरायची आहे. ॲप मीच आणलं होतं, त्यामुळे चिडायचं तर स्वतःवरच चिडायला हवं.

बोरी अरबच्या थोडं पुढे मुलींचं एक वसतिगृह आहे. आजूबाजूच्या बंजारा तांड्यांवरच्या, गावांतल्या साठेक मुली तिथे राहून शिकतात. आईबाप ऊसतोडीला किंवा वीटभट्टीवर गेले की या पोरींची शाळा सुटू नये म्हणून चार शिक्षकांनी ते सुरू केलं. सरकारी मदत येते तेव्हा येते. बाकीचा भार वर्षातून एकदा होणाऱ्या हर्रासावर. आमच्याकडे लिलावाला हर्रास म्हणतात. मार्गशीर्षातल्या एका रविवारी वसतिगृहाच्या पटांगणात मांडव पडायचा, मुली नाचायच्या, लोक जेवायचे आणि मग हर्रास. वस्तू काय, तर कुणाच्या शेतातला सगळ्यात मोठा कोहळा, कुणी विणलेला स्वेटर, गावरान तुरीची पायली, मुलींनी काढलेली चित्रं. नोकरीत असल्यापासून मी जायचे. निवृत्त झाल्यावर समितीतच ओढली गेले.

हर्रास बोलायचे गुलाबराव. बाजार समितीत आयुष्यभर शेतमालाची बोली पुकारलेला माणूस. आवाज असा की रस्त्यावरची एसटी थांबावी. आम्ही सगळे त्यांना काका म्हणतो. कोणाच्या खिशात किती आहे, हे त्या खिशाच्या मालकाआधी काकांना कळायचं. कुणी नुसत्या इरेला पेटून बोली चढवायला लागला की ते बोली थांबवून म्हणायचे, "बस करा ना साहेब, घरी जाऊन वहिनीले काय सांगसान?" मांडव हसायचा, साहेब खाली बसायचे आणि वस्तू दुसऱ्याला जायची. पैशाला चिकटून बसलेल्याला मात्र ते असं काही चिमटे काढत की तो बिचारा कोहळ्याला सोन्याचा भाव देऊन जायचा. बाभुळगावच्या एक डॉक्टरीणबाई दर वर्षी एकच चित्र घ्यायच्या, तेही वाट्टेल त्या किमतीला, आणि काका त्यांना दर वर्षी विचारायचे, "भिंत उरली का हो घरी?"

शेवटी यायची मायची ओढणी. ती शेवंतामावशीची. मावशी वसतिगृहात स्वयंपाक करते. साठ जणींच्या भाकरी थापताना तिचे हात पाहिले की आपले हात पदराखाली लपवावेसे वाटतात. ती स्वतः साधं पातळ नेसते, पण तिची आई अखेरपर्यंत तांड्याच्या पूर्ण वेशात राहिली. त्या आईने, म्हणजे याडीने, स्वतःच्या हाताने भरलेली ही ओढणी. तांड्यावर तिला टुकरी म्हणतात. गर्द लाल कापड, काठाला कवड्या, आणि अंगभर इतके बारीक टाके आणि आरसे की बोट ठेवायला कोरी जागा सापडू नये. याडीनंतर मावशीकडे तेवढीच एक वस्तू राहिली. तिची लेक निकिता याच वसतिगृहात राहून शिकली, नर्स झाली. तेव्हा आपणही संस्थेला काही द्यावं म्हणून मावशीने एका वर्षी ती ओढणी हर्रासात ठेवली.

त्या पहिल्या वर्षी ढाणकीहून आलेल्या एका व्यापाऱ्याने ती घेतली. काकांनी "तीन वार" म्हटलं, टाळ्या पडल्या, आणि तो माणूस उठून ओढणी घेऊन सरळ मावशीकडे गेला. ती उचलून त्याने तिच्या डोक्यावरून, खांद्यावरून घातली आणि हात जोडले. कुणी त्याला सांगितलं नव्हतं. पुढच्या वर्षी ती पुन्हा हर्रासात आली आणि ज्याने घेतली त्यानेही तेच केलं. मग तीच रीत पडली. मायची ओढणी घ्यायची म्हणजे ती मावशीला पांघरायचा मान घ्यायचा, हे पंचक्रोशीतल्या प्रत्येकाला ठाऊक. मावशी त्या दिवशी शेवटच्या वस्तूच्या आधी हात धुऊन, तोंडावर पाणी मारून टेबलाशेजारी येऊन उभी राहायची. ओढणी अंगावर आली की तिच्या चेहऱ्यावर जे यायचं, त्यासाठी आम्ही थांबायचो. मग ती तशीच, ओढणीसकट, भाकरी वाढायला जायची.

ही रीत कुठे लिहिलेली नव्हती. लिहायचं काय त्यात?

आता माझं शहाणपण. कचेरीत संगणक आले तेव्हा मी सगळ्यांत आधी शिकले होते आणि ते मी कोणाला विसरू दिलं नाही. आमचे सचिव वानखडे सर निवृत्त मुख्याध्यापक, फार सरळ माणूस. त्यांना मी म्हटलं, सर, बाहेर लोक फोनवर लिलाव करतात. आपल्या मुली आज पुण्यात आहेत, हैदराबादेत आहेत, त्यांच्या ओळखीचे लोक आहेत, ते घरबसल्या बोली लावतील. पडद्यावर आकडे दिसतील, पैसे तिथल्या तिथे जमा. सरांना पटलं. बैठकीत काकांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "ओढणीचं काय करसान?" मी म्हटलं, "तिचाही फोटो काढलाय काका, मस्त आलाय." काका चहा प्यायला लागले. त्यांना काय विचारायचं होतं ते मला तेव्हा कळलं नाही. मी फोटो दाखवत बसले.

आणि खोटं कशाला बोलू, ॲपने कमाल केली. इतकी वर्षं पोरी पहाटे गारठ्यात बादल्या घेऊन रांग लावायच्या, न्हाणीघराला दार म्हणून पोत्याचा पडदा. आज तिथे आतून कडी लागणारी न्हाणीघरं आहेत, गरम पाणी आहे. ते काकांच्या आवाजातून उभं राहिलं नसतं. एक बारकी पोर परवा मला हात धरून दाखवायला घेऊन गेली, कडी लावून, काढून, पुन्हा लावून. ॲप नसतं आणलं तर बरं झालं असतं, असं मला धड म्हणताही येत नाही. माझी सगळी पंचाईत तिथेच आहे.

प्रत्येक वस्तूसाठी एक फॉर्म होता. नाव, वर्णन, फोटो, आणि शेवटी एक चौकोन. या वस्तूवरचा माझा सर्व हक्क मी सोडत आहे, असं काहीतरी कायद्याच्या भाषेत. त्यावर बरोबरची खूण केल्याशिवाय वस्तू यादीत चढत नव्हती. तीस वस्तू होत्या. कोहळ्याला खूण केली, स्वेटरला केली, चित्रांना केली. ओढणीला केली. मावशी तेव्हा चार हात अंतरावर कांदे चिरत होती. तिला हाक मारून विचारावं असं मनातसुद्धा आलं नाही. वर्णनात लिहिलं, 'हाताने भरलेली जुनी बंजारा ओढणी, आरसे व कवड्यांचं काम, दुर्मीळ.' दुर्मीळ हा शब्द सुचला म्हणून मी स्वतःवर खूश होते.

त्या रविवारी मांडव नेहमीसारखाच होता. भरताचा खमंग वास, ठेचा, मुलींच्या वेण्यांना झेंडूची फुलं. फक्त माना खाली होत्या. सगळे फोनमध्ये. पडद्यावर आकडे पळत होते, वेळ सेकंदासेकंदाने कमी होत होती आणि काका पहिल्या रांगेत खुर्चीवर हाताची घडी घालून बसले होते. त्यांच्या शेजारच्या टेबलावर माईक होता, आभार मानायला ठेवलेला.

ओढणीची बोली सुरू झाली आणि आमच्या लोकांनी नेहमीप्रमाणे सुरुवात केली. मग बाहेरून कुणीतरी मोठा आकडा टाकला. डॉक्टरीणबाईंनी त्यावर चढवला. पुन्हा बाहेरून आला. एका हद्दीनंतर मांडवातले सगळे थांबले. खरं सांगायचं तर थांबून खूश झाले, आकडा बघून टाळ्या वाजवायला लागले. मीही वाजवल्या. पडद्यावर शून्य आलं आणि खाली विजेत्याचं नाव उमटलं, गुप्त देणगीदार.

मावशी टेबलाशेजारी उभी होती. हात धुतलेले, पदर नीट केलेला, मान जराशी पुढे झुकवलेली, ओढणी घालणाऱ्याला सोपं जावं म्हणून झुकवते तशी. टाळ्या थांबल्या. कुणीच आलं नाही. ती तशीच उभी राहिली. मांडवात हळूहळू एकेकाच्या लक्षात यायला लागलं आणि लोक एकमेकांकडे बघायला लागले. काकांनी मान खाली घातली.

मी लॅपटॉपपासून उठले, ओढणी उचलली आणि मीच तिला पांघरली. ती हसली. म्हणाली, "औंदा तुमी घेतली का ताई?" मी हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. ती ओढणी घालून वाढायला गेली आणि मी तिच्या पाठीमागे बघत बसले.

तिसऱ्या दिवशी ती काढून घ्यायलाही मीच गेले. वानखडे सर म्हणाले होते, "ताई, रक्कम जमा झाली आहे. आता वस्तू दिली नाही तर आपण लबाड ठरू." सरांचं बरोबर होतं. मी मावशीला स्वयंपाकघराच्या पायरीवर बसवून सगळं सांगितलं. तो चौकोन, ती खूण, सगळं. मग तिने विचारलं, "कोणं घेतली थे?" मी म्हटलं, माहीत नाही, नाव दाखवत नाहीत. "काहून?" म्हणाली. देणाऱ्याने नाव का लपवावं, हे तिला कळेना.

पदर सावरून ती म्हणाली, "फाल्गुनात निकिताचं लगन हाये ना." मला ठाऊक होतं, पत्रिकेचा मजकूर मीच लिहून देणार होते. "लगनाच्या दिवशी पोरीच्या अंगावर टाकायची होती. माह्या अंगावर याडीनं टाकली होती हेच. ढावलो गाताना पोरगी मायच्या गळ्यात पडते, तवा दोघीवर एकच टुकरी असते आमच्यात." ढावलो म्हणजे सासरी निघालेल्या मुलीचं रडगाणं. मी एकदा तांड्यावर ते ऐकलं आहे. शब्द कळले नव्हते तरी तिथून उठवेना.

मग ती स्वतःच आत गेली आणि ओढणी घेऊन आली. खोक्यात कशी घालायची ते मला येत नव्हतं. मी नुसती घडी करायला लागले तर म्हणाली, "असी नका करू, आरसे एकमेकाले लागून फुटतीन." कोपऱ्यात नुकताच शेतातून आलेला कापूस होता. तो मूठ मूठ घेऊन तिने प्रत्येक घडीत अंथरला, पातळ, सारखा, मग वरून हात फिरवला. कडुनिंबाचा वाळलेला पाला घातला. खोक्याला चिकटपट्टी मी लावली. ती लावताना किर्र असा जो आवाज होतो तो त्या दिवसापासून मला सहन होत नाही.

पुढचे काही आठवडे मी जे जे म्हणून करता येतं ते केलं. ॲपवाल्यांना लिहिलं. तत्काळ उत्तर आलं, तुमच्या अडचणीबद्दल आम्हाला खेद आहे. मी पुन्हा लिहिलं, ही रीत आहे, ओढणी परत द्यायची असते. उत्तर आलं, तुमच्या अडचणीबद्दल आम्हाला खेद आहे. तिसऱ्यांदा फोनवर एक बाई भेटली. तिने माझं सगळं बोलणं फार गोड ऐकून घेतलं आणि विचारलं की हा नियम वस्तूच्या वर्णनात लिहिला होता का. आयुष्यभर मी कचेरीत लोकांना हेच विचारत आले होते. कागदावर आहे का? नसेल तर मी काय करणार? किती जणांना मी असं परत पाठवलं असेल, ते सगळे त्या दिवसांत मला आठवायचे.

निकिता मला एकदा म्हणाली, "ताई, तुमी एवढं मनाले लावून घेऊ नका. माय काही बोलत नाही म्हणजे तिले राग आहे असं नाही." मी म्हटलं, रागावली असती तर बरं झालं असतं गं. ती म्हणाली, "तिले रागावता येत नाही. साठ पोरींच्या भाकरी करून राह्यली ती, वेळ कुठं हाये?" आणि हसली. मला हसू आलं नाही.

देणगीदारापर्यंत जायची एकच वाट ॲपने ठेवली होती. आभारपत्र. चार ओळींची जागा, त्यात आपण लिहायचं आणि ते त्यांच्याकडे पोचवणार. मी लिहायला बसले की आभारच लिहून व्हायचे. एवढी मोठी देणगी देणाऱ्याला, घेतलेली वस्तू परत द्या, हे कोणत्या तोंडाने लिहायचं? तीनदा लिहिलं, तीनदा खोडलं. चौथ्यांदा लिहिलं, 'ओढणी ज्यांनी भरली त्यांची लेक तुमच्याशी दोन शब्द बोलू इच्छिते.' दोन दिवसांत उत्तर आलं, सोबत फोन नंबर. माझा जीव भांड्यात पडला. मावशीला सांगितलं तर तिने कणकेचे हात तसेच ठेवून डोळे मिटले.

संक्रांत होऊन गेली होती. मुलींची जेवणं आटोपल्यावर आम्ही दोघी ओट्यावर बसलो. मावशीने धुतलेलं पातळ नेसलं होतं, कुंकू नव्याने लावलं होतं. मला बजावलं, "मधात बोलू नका ताई. मीच मागीन. जलमाची नाही मागत, आठ दिवसासाठी मागीन. लगन लागलं का वापस. पाठवायचा खर्च माह्याकडून." हे ती सकाळपासून भाकरी थापताना मनाशी म्हणत होती, हे तिच्या बोलण्यावरून कळत होतं.

मी व्हिडिओ कॉल लावला आणि फोनच्या पडद्यावर उशीवर टेकलेला एक म्हातारा चेहरा आला. पांढरे, बारीक कापलेले केस. बाईंचं लहानपण पुसदला गेलं होतं, आता त्या बंगलोरला मुलीकडे असतात. "माझं नाव कशाला हवं म्हणून मी गुप्त ठेवायला सांगितलं," त्या म्हणाल्या. "आमच्या घरामागून तांड्यावरच्या बाया जायच्या हो, लाकडाच्या मोळ्या घेऊन. मी आईच्या मागे लपून त्यांच्या ओढण्या बघायची. दोन वर्षं झाली, मी या पलंगावरून उठलेले नाही. मुलगी म्हणाली, समोरच्या भिंतीला काहीतरी लावू या, तुला बघायला. मग तुमचा फोटो दिसला."

त्यांनी फोन वळवला. समोरच्या भिंतीवर, खिडकीच्या शेजारी ओढणी लावलेली होती. पूर्ण उलगडलेली. दुपारचं ऊन तिच्यावर सरळ पडलं होतं आणि सगळे आरसे पेटले होते. मावशीच्या तोंडून हलकेच "याडी" एवढं निघालं.

"तुम्ही भरलीय?" बाईंनी विचारलं.

"नाही. मायनं."

"आहे का हो आई?"

"नाही."

"सकाळी डोळा उघडला की पहिली तीच दिसते मला," बाई म्हणाल्या. "तुम्हाला काही सांगायचं होतं ना? त्या ताईंनी लिहिलं होतं."

मी मावशीकडे बघितलं. तिने ओठ उघडले. मला वाटलं आता मागेल. मी मागायला हवं होतं का? ती नको म्हणाली होती, आणि माझ्याच्याने बोलवलं नसतं. मावशी त्या भिंतीकडे पाहत होती.

"ऊन पडू देऊ नका तिच्यावर," ती म्हणाली. "लाल सुताचा रंग उडते उन्हानं."

"अगं बाई, हे कुणी सांगितलंच नाही," बाई म्हणाल्या आणि त्यांनी मुलीला हाक मारली. कुणीतरी येऊन खिडकीचा जाड पडदा ओढला. खोलीत अंधार झाला. आमच्या पडद्यावर दोन-तीन आरसे क्षणभर लुकलुकले, मग तेही दिसेनासे झाले आणि नुसता काळा चौकोन उरला.

"आता ठीक आहे?" अंधारातून बाईंनी विचारलं. "तुम्हाला दिसतेय ना तिथून?"

मावशीने माझ्या हातातून फोन घेतला आणि दोन्ही हातांनी धरून डोळ्यांजवळ नेला.

"दिसून राह्यली," ती म्हणाली.